मदत हवी आहे: सी प्रोग्रॅम ‘रीड: सक्सेस’ म्हणतो आणि बंद पडतो

निपाणीकर
उसाच्या वजनकाट्याची फाइल वाचणारा सी प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर. एका ट्रॉलीची नोंद ६४ बाइटची. रीडचं उत्तर (किती बाइट वाचले) ६४ नसेल तर पीएरर (एररचा मजकूर छापणारं फंक्शन) आणि एक्झिट. कधीकधी शेवटच्या नोंदीला ‘रीड: सक्सेस’ छापून बंद पडतो. फाइल नसली तर नुसतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कुठली फाइल, पत्ता नाही. काट्यावरच्या माणसाला फोनवर वाचून दाखवता येईल असा मेसेज हवाय.

बेळगावकर
‘सक्सेस’ म्हणजे एररनो (कॉल का फसला ते सांगणारा आकडा) ०. कॉल फसलेलाच नाही ओ! रीडनं −१ दिलं तरच एररनो बघायचा. ० आलं तर फाइल संपली. १ ते ६३ आलं तर नोंद अर्धवट आहे: काट्याचा प्रोग्रॅम अजून लिहितोय, नाहीतर मध्येच वीज गेली. तिथं पीएरर काढा आणि ‘४० बाइट मिळाले, ६४ हवे होते’ असं स्वतःच छापा. उद्या सिरीयल पोर्टवरून थेट वाचलंत तर तुकडे येणारच, ६४ भरेपर्यंत लूप फिरवा. −१ सोबत ईइंटर (४) असेल तर मध्ये सिग्नल आला होता, पुन्हा रीड करा.

खानापूरकर
मेसेज असा ठेवा:

काटा: ओपन ‘/डेटा/काटा१.डॅट’: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी [२]

यासाठी पीएरर पुरत नाही, एफप्रिंटएफ आणि स्ट्रएरर (एररनोचा मजकूर देणारं फंक्शन) वापरा. कॉल फसल्यावर पहिलं काम एररनो एका इंट व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवणं. आधी क्लोज किंवा प्रिंटएफ केलंत तर तो बदलू शकतो. आकडा छापाच, सेटलोकेलनंतर (प्रोग्रॅमची भाषा ठरवणारं फंक्शन) मजकुराची भाषा बदलू शकते, २ हा २ च राहतो.

नावाभोवतीचे अवतरण काढू नका. नाव एफगेट्सनं (ओळ वाचणारं फंक्शन) घेतलं असेल तर शेवटी न्यूलाइन चिकटलेली असते. एलएसला फाइल दिसते, ओपन मात्र २ देतो, आणि माणूस तासभर फोल्डर शोधत बसतो. बंद होणारं अवतरण खालच्या ओळीत गेलेलं दिसलं की समजायचं.

१३ आला, म्हणजे ईॲक्सेस, तर फाइलचीच परवानगी बघून थांबू नका. वाटेतल्या एखाद्या फोल्डरला एक्स (आत जायची परवानगी) नसला तरी हाच एरर. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या, प्रत्येक पायरीची परवानगी दिसते.

निपाणीकर
रीडचं जमलं. ओपनची ओळ नव्याने लिहिली: इफ (एफडी = ओपन(नाव, ओ_आरडीओन्ली) < ०). आता फाइल असली की प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो. एररही नाही.

बेळगावकर
कंस राहिला बघा. < आधी, = नंतर. ओपन यशस्वी झाला की तुलनेचं उत्तर ०, तेच एफडीत (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) गेलं, आणि ० म्हणजे कीबोर्ड. प्रोग्रॅम तुमच्या टायपिंगची वाट बघतोय. असं करा: इफ ((एफडी = ओपन(नाव, ओ_आरडीओन्ली)) < ०). जीसीसीला (सी कंपायलर) -वॉल (इशारे दाखवायचा पर्याय) देऊन बघा, अशा बऱ्याच चुका तिथंच सापडतात. हीसुद्धा सापडते, तरी एफडी वेगळ्या ओळीत घेतलेला बरा.