चौदा ग्लास की वीस रुपये, जास्त वाईट कोण?

शहापूरकर:
परवा गणपत गल्लीकडच्या एका चहाच्या हॉटेलात गेलो होतो, नाव सांगत नाही, रोज तिथंच बसायचंय. पोरगं ट्रे घेऊन बाहेर निघालेलं आणि नेमकं त्याच टायमाला बाहेरनं कोणीतरी दार ढकललं, चौदाच्या चौदा ग्लास खाली. मालकानं तिथल्या तिथं तीनशे पगारातनं कापले, वर शिव्या. थोड्या वेळानं मालकाचाच भाचा गल्ल्यातनं वीसची नोट हळूच खिशात सरकवत होता, गडबडीत कोपर लागून एक ग्लास फुटला. मालकानं दोन्ही बघितलं आणि म्हणतो काय, हळू की लेका, काच लागंल.
जाँ पियाजे म्हणून स्विस मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९३२ च्या पुस्तकात बारक्या पोरांना जवळपास हेच विचारलंय. एक पोरगं जेवायला बोलावलं म्हणून दार उघडतं, दारामागं ट्रे असतो, नकळत पंधरा कप फुटतात. दुसरं आई नसताना जॅम चोरायला जातं, एक कप फुटतो. लहान पोरं म्हणायची पंधरावाला जास्त वाईट, नऊ-दहा वर्षांची झाली की मनात काय होतं ते बघायला लागायची. मग आमचा मालक किती वर्षांचा धरायचा?

निपाणीचा व्यापारी:
खरं ग्लासाचे पैसे कोण देणार, तू? मनातलं दिसत नाही, काचा दिसतात. उद्या सगळेच 'चुकून झालं' म्हणाले तर शटर ओढून घरी बसायचं काय आम्ही.

शहापूरकर:
भरपाई वेगळी, दोष वेगळा की. शिव्या कशाला?

खानापूरवाला:
उदाहरणच गंडलंय तुझं. भाच्याला सोडलं ते भाचा म्हणून, काचा मोजून नव्हे.

टिळकवाडीची काकू:
मालकालाच काय धरून बसलाय सगळे, कायदा तरी वेगळं काय करतो? दोघं जण फोन बघत गाडी चालवतात. एकाच्या पुढं कोणी येत नाही, तो बहुतेक दंड भरून घरी. दुसऱ्याच्या पुढं पोर येतं आणि जीवानिशी जातं, त्याला भारतीय न्यायसंहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा. चूक तीच ना? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ह्यावरच लिहिलं, नैतिक नशीब म्हणतात त्याला. वाचताना पटतं की दोघांना सारखंच धरावं, खरं त्या पोराच्या आईपुढं उभं राहून कोण म्हणणार हे? मला नाही जमायचं.

निपाणीचा व्यापारी:
बघा काकू, शेवटी तुम्हीपण काचाच मोजल्या.

टिळकवाडीची काकू:
मोजल्या. खरं ट्रेवालं पोरगं फोन बघत नव्हतं. दार ढकलणाऱ्याचे किती कापले ते सांगा आधी.

खानापूरवाला:
हां, हे कोणी विचारलंच नाही. कोण होता तो?

शहापूरकर:
मीच. सॉरी म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलो, चहापण पिलो. उद्या त्या पोराला दीडशे देऊन येतो.

निपाणीचा व्यापारी:
दीडशे कुठल्या हिशोबानं?