रोडगे कुठी चांगले भेटते? धामणगाव-पुलगाव-देवळी पट्ट्यात

कपाशीवाला:

राम राम मंडळी. माहा मामेभाऊ पुढच्या शुक्रवारी पुण्याहून येऊन रायला, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं धामणगावले उतरणार, सोबत वहिनी अन् दोन पोट्टे. वहिनी सांगलीकडची, आपल्या इकडं लग्नानंतर पहिल्यांदाच येऊन रायली. भावानं फोनवर एकच सांगितलं का बाकी काई करू नको पण एक दिवस रोडगे (गवऱ्याच्या विस्तवात भाजलेले कणकीचे गोळे) खाऊ घाल, लहानपणी आजीच्या वावरात खाल्ले होते त्याले आता वीस-बावीस वर्षं झाली.

आता अडचण अशी का मायचे गुडघे दुखते, तिले खाली बसून चुलीपाशी काई करणं होत नाई. घरवालीनं खाल्ले आहे लय वेळा पण कधी केले नाई तिनं, अन् मी आजवर गवऱ्या रचाचं अन् पेटवाचं काम केलं, पिठाले कधी हात लावला नाई. म्हणून म्हटलं इकडं विचारावं, तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असं एखादं हॉटेल, ढाबा, खानावळ हाय का जिथं खरे रोडगे भेटते?

खरे काऊन म्हणतो तं मागच्या हिवाळ्यात हायवेवर एका हॉटेलात वऱ्हाडी थाळी लिहिलेलं पाहून थांबलो होतो. ताट आलं तं रोडगा तेलात तळलेला, फोडला तं आत पीठ ओलं, अन् सोबत काजूची गोडसर ग्रेव्ही, वांग्याचा पत्ताच नाई. पैशाचं सोडून द्या, पण बाजूच्या टेबलावर बाहेरगावची एक फॅमिली तेच खाऊन रायली होती अन् ते लोक आता घरी जाऊन सांगतीन का विदर्भातला रोडगा असा असते. तेच लय लागलं मनाले.

देवळीकर:

भाऊ, हॉटेलात नको शोधू, नाई भेटणार. मी वर्धा-यवतमाळ रोडनं आठवड्यातून दोनदा जातो, कळंबपर्यंत सगळे ढाबे पालथे घातले आहेत. सावजी रस्सा चांगला भेटतो, पाटोडी भेटते, शेवभाजी तर जागोजागी, पण रोडगा नाही.

कारण साधं आहे. गिऱ्हाईक बसलं की त्याला दहा-पंधरा मिनिटात ताट पाहिजे असतं आणि रोडग्याला नुसत्या गोवऱ्या पेटून त्यांचा धूर जायलाच अर्धा तास लागतो, मग पुढं भाजायचा वेळ वेगळा. सकाळी भाजून ठेवला आणि दुपारी गरम केला तर वरचं कवच दगडासारखं होतं. म्हणून हॉटेलवाले काय करतात, गोळे आधी उकडून ठेवतात आणि ऑर्डर आली की तेलात सोडतात. आता ती बिट्टी झाली ना. बिट्टी पण मला आवडते, डाळीसोबत मस्त लागते, पण तिला रोडगा म्हणून विकू नये एवढंच माझं म्हणणं आहे. बिट्टीला ना धुराचा वास, ना राखेतली ती खरपूस चव.

माझ्या माहितीतल्या एका ढाब्यावर रविवारी मागच्या अंगणात गोवऱ्या लावून भाजत होते, मी स्वतः खाल्ले आहेत तिथं, पण समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर (2022 च्या डिसेंबरात पहिला टप्पा उघडला तेव्हापासून) त्याच्यापुढं गाड्या थांबणं कमी झालं आणि मागच्या वर्षी त्यानं ढाबा बंदच केला. अजूनही तिथून जाताना गाडी आपोआप हळू होते माझी.

सांभारवडी:

दादा तुम्ही घरीच करा, मी सांगते सगळं, तुमच्या मिसेसना वाचून दाखवा. आमच्या घरी दरवर्षी मारोतीच्या देवळापाशी रोडग्यांचा स्वयंपाक असतो, सासूबाईंनी बोललेला नवस होता तेव्हापासून चालत आलंय, शंभर-सव्वाशे माणूस जेवतं. त्यामुळं हात बसला आहे माझा.

पहिली गोष्ट पीठ. पोळीचं पीठ घ्याल तर सगळं फसलं समजा. गहू जाडसर दळून आणायचे, बोटात घेतलं की रवाळ लागलं पाहिजे, चक्कीवाल्याला रोडग्यासाठी पाहिजे म्हणून सांगितलं की आपल्या इकडं सगळ्यांनाच समजतं. बन्सी गहू मिळाला तर फारच छान, नाही तर घरचा कोणताही चालतो. काही जणी मूठभर मक्याचं पीठ घालतात, त्यानं जरा खुसखुशीत होतो, मी घालते. दहा जणांना अडीच-तीन किलो पीठ धरा, बावीस-पंचवीस रोडगे होतात. त्यात मीठ, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि गरम तेलाचं मोहन. मोहनाला हात आखडता घेऊ नका. भिजवायचं एकदम घट्ट, पुरीच्या पिठाहून घट्ट, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं.

दुसरी गोष्ट पापुद्रे. आजकाल नुसता गोळा वळून टाकतात विस्तवात, मग तो आतून कच्चा राहतो आणि लोक म्हणतात रोडगा जड असतो. छोट्या छोट्या पुऱ्या लाटायच्या, एकीवर तेल लावून दुसरी, दुसरीवर तेल लावून तिसरी, अशा चार तरी, आणि मग एका मोठ्या पुरीत ती सगळी चवड गुंडाळून तोंड बंद करायचं. वरून हातानं दाबून चपटा गोल. असा केला की आत वाफ फिरते, प्रत्येक पापुद्रा वेगळा सुटतो आणि फोडल्यावर तूप आतपर्यंत जातं. जास्तीची मेहनत आहे, पण पुऱ्या लाटायला शेजारच्या दोघी-तिघी बोलवून घ्या, बोलता बोलता होऊन जातं.

भाजायचं काम तुमचं, ते तुम्हाला येतंच, तरी सांगते. गोवऱ्या पूर्ण फुलू द्या, धूर अजिबात राहू देऊ नका, धुरात टाकले तर कडवट होतात. आधी इंगळावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्यायचे, वरून कडक झाले की गरम राखेत पुरायचे आणि वरून परत इंगळ ओढायचे. अर्धा-पाऊण तास. मधे एकदा उलटायचे. झाले की नाही ते पाहायला एक काढून फोडायचा, तो चुलीपाशी बसलेल्याचा मान. मग स्वच्छ कापडात किंवा पोत्यात घालून झटकायचे, राख सगळी निघून जाते.

सोबत आलू-वांग्याची पातळ भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. आता डिसेंबरात वांगी इतकी गोड आहेत की मसाला जास्त लागत नाही, फल्लीचा कूट, खोबरं, तिखट, आणि वरून भरपूर सांभार. तुमच्या सांगलीच्या वहिनींना आधीच सांगून ठेवा की आपल्याकडं सांभार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर त्या इडलीची वाट बघत बसतील, माझ्या जाऊबाईंचं असंच झालं होतं 😄

तेल्हारा_एक्स्प्रेस:

ताई सगयं बरोबर हाय पण आमच्या अकोट-तेल्हाऱ्याकडं लोक पानगे बी करते, थे काऊन कोणी सांगून नाई रायलं? पयसाच्या (पळसाच्या) पानात कणकीचा चपटा गोया ठेवाचा, वरून दुसरं पान, अन् इस्त्यात (विस्तवात) भाजाचा. पानाचा वास असा उतरते त्याच्यात का इचारू नका. माही आजी दुधात कणिक भिजवे, थोडा गूय टाके, पोट्ट्याईले तेच आवडे. भाऊ तुमच्याकडं लहान पोट्टे येऊन रायले तं त्याईच्यासाठी चार-पाच पानगे नक्की करा, तिखट भाजी त्याईले झेपन का नाई काय माईत.

अन् वरणाले काई लोक कांदा लसूण लय फोडणी देते, तसं नका करू. वरण साधंच पाह्यजे, भाजी झणझणीत असते नं, मंग वरण साधं अन् तूप चांगलं, बस.

देवळीकर:

@तेल्हारा_एक्स्प्रेस वरणावर मी सहमत नाही भाऊ, लसणाची खमंग फोडणी पाहिजेच, साध्या वरणात रोडगा कुस्करला की सपक लागतो. बाकी पानग्याचं शंभर टक्के खरं.

झाडीपट्टी:

भंडाऱ्याहून लिहितो. आमच्याकडं भाताचा मुलूख, रोडगे होतात पण कमी, त्यामुळं रोडग्यावर मी काही बोलत नाही. पण पाहुणे चार दिवस राहणार असतील आणि एखाद्या दिवशी वावरात जाणं नाही जमलं तर गोळाभात करा, तो पण हॉटेलात मिळत नाही कुठं आणि घरात गॅसवर तासाभरात होतो. हरभऱ्याची डाळ भरडून घ्यायची, बारीक बेसन नको, त्यात तिखट मीठ हळद जिरं आणि तेल घालून घट्ट गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की वर मांडून झाकण ठेवायचं, भातासोबतच वाफेवर शिजतात. ताटात भात घ्यायचा, गोळा त्यातच कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी. फोडणीत तेल कमी केलं की गोळा घशात अडकतो म्हणून तेल ताटाताटावर गरम ओतायचं असतं, आई एकीकडं वाढत जायची आणि एकीकडं कढलेल्या तेलाचं छोटं पातेलं घेऊन फिरायची, सोबत चिंचेचं सार नाहीतर कढी. तिखट भिवापुरी मिरचीचं असलं तर रंग पण सुंदर येतो, त्या मिरचीला जीआय मानांकन आहे, नागपुरात सहज मिळते.

पुलगाव_लाईन:

वरचं सगळं वाचून भूक लागली. एक उपाय सांगतो, आमच्या गावातल्या बचत गटाच्या बाया ऑर्डरवर रोडगे करून देतात, पंधरा माणसांच्या वर असेल तर घेतात ऑर्डर, दोन दिवस आधी सांगावं लागतं. पीठ-तेल त्यांचं, गोवऱ्या आणि जागा आपली. तुमच्या गावात किंवा बाजूच्या गावात पण असा गट असेलच, ग्रामपंचायतीत विचारून बघा. पैसे पण योग्य हातात जातात. आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येतायत तर शेगावला कचोरी घ्यायला सांगा भावाला, सोबतची तळलेली मिरची पण मागून घ्यायची, धामणगाव येईपर्यंत दोन-तीन तास निघतात आरामात.

कपाशीवाला:

मंडळी सगळ्याईले लय लय धन्यवाद. उशिरा लिहून रायलो काऊन का कापसाची वेचणी चालू होती अन् पाहुणे कालच गेले.

तर झालं असं, सांभारवडी ताईचा मेसेज घरवालीनं वहीत उतरवून घेतला, अन् पुलगाव लाईन भाऊनं सांगितल्यावर गावातल्या गटात इचारलं, ऑर्डर घ्याले माणसं कमी भरत होती पण त्यातल्या दोघी जणी शिकवाले म्हणून याले तयार झाल्या. रविवारी सकाळी सगळे वावरात. माय खाटेवर बसली होती बांधावर अन् तिथूनच सगळ्याईले सांगत होती, मोहन कमी झालं, पुरी जाड झाली, कितीक दिवसानं तिले असं मोठ्यानं बोलताना पाह्यलं. वहिनीनं पुऱ्या लाटल्या, पहिल्या चार-पाच रोडग्याचं तोंड उघडलं तिच्याकडून, मंग जमलं. पोट्टे तं तुरीच्या ओल्या शेंगा तोडून त्याच इस्त्यात भाजून खाऊन रायले होते, रोडगे होईपर्यंत त्याईचं अर्धं पोट भरलं.

पहिला रोडगा फोडाचा मान भावाले दिला. फोडला तं आतून वाफ निघाली, पापुद्रे सुटून आले, त्यानं तूप टाकलं, वरण टाकलं, कुस्करला अन् पहिला घास घेतल्यावर काईच बोलला नाई. मंग मायले म्हणे आत्या, आजीच्या हाताची राख बी अशीच लागे. रोडग्याले थोडी राख राहिली होती, मी नीट झटकली नव्हती, पण तो तसाच खात रायला.

वरणाले घरात भांडण नको म्हणून दोन पातेले केले, एक साधं एक लसणाचं. लसणाचं आधी सरलं. तेल्हारा भाऊ माफी असावी 🙏 पण पानगे केले बरं का, पोट्ट्याईनं थेच जास्त खाल्ले, पयसाची पानं मीच आणली नाल्यावरून.

वहिनीचं म्हणणं असं का सांगलीले जाऊन करून पाहीन पण गवऱ्या कुठून आणू. त्याच्यावर कोणापाशी उपाय असन तं सांगा, मातीच्या शेगडीत कोळशावर होतीन का?

सांभारवडी:

वाचून फार आनंद झाला दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. कोळशावर होतात, माझी बहीण ठाण्याला गच्चीवर करते. कोळसा पूर्ण लाल झाला पाहिजे आणि वरून लोखंडी घमेलं उपडं घालून त्याच्यावर पण चार इंगळ ठेवायचे, म्हणजे दोन्हीकडून आच लागते. चव अगदी तीच येत नाही पण जवळपास येते. आणि उरले होते का काही रोडगे?

कपाशीवाला:

सात उरले होते ताई. घरवालीनं दुसऱ्या दिवशी सकाळी खलबत्त्यात कुटून गूळ-तुपात लाडू वळले, डबा भरून भावासोबत गाडीत दिला. भुसावळच्या आधीच सरले म्हणून फोन आला.