संस्था आणि सहवास: केडगावचे उदाहरण

संस्थेची चौकट आली की शेजारपण संपते आणि उरते ती केवळ व्यवस्था, हे सेवाभावी संस्थांविषयी मांडले जाणारे मत बऱ्याच ठिकाणी खरे ठरते. नाताळात वृद्धाश्रमात ब्लँकेटे वाटून अंधार पडायच्या आत घरी परतणाऱ्या मंडळींना खरा सहवास ठाऊक नसतो, ही टीकाही मला पटते. मात्र पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावात निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनला हा नियम सरसकट लावणे अन्यायाचे होईल. रमाबाईंचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा शारदा सदन या त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या धर्मांतराच्या वादापाशी येऊन थांबते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली-बायकांसोबत त्यांनी केडगावातच संसार मांडला आणि १९२२ मध्ये तिथेच देह ठेवला, ही गोष्ट मागे पडते.

समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे कृपा सदन होते, वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीति सदन होते, आणि अंध स्त्रियांना वाचता यावे म्हणून रमाबाईंची कन्या मनोरमा स्वतः ब्रेल शिकली व मग तिने त्यांना ती शिकवली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते छापखान्यातले काम. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि त्याचे अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे आश्रयाला आलेल्या या स्त्रियाच करत होत्या. त्यांच्या हातांवाचून रमाबाईंचे ते पुस्तक पूर्ण झालेच नसते.