कंदिलांच्या लाईट ट्रेलला दोन लहान मुलं आणि सासूबाई, कसं जमवावं?

सायली_दोघांचीआई
नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारी आम्ही सगळे हिवाळ्यातल्या कंदिलांच्या लाईट ट्रेलला, म्हणजे अंधारात उजळलेले मोठाले कंदील बघत चालायच्या वाटेवर, जाणार आहोत, मुलगा ४ वर्षांचा, मुलगी १४ महिन्यांची म्हणजे ती बाबागाडीत आणि यंदा सासूबाई पण. त्यांचे गुडघे दुखतात, अंधार पडल्यावर त्या सहसा बाहेर पडत नाहीत, पण या वेळी स्वतःहून म्हणाल्या मलाही बघायचंय, त्यामुळे मला ही संध्याकाळ खरंच नीट व्हायला हवीये. गेल्या वर्षी आम्ही मुलाला घेऊन ८ च्या स्लॉटला गेलो होतो, निम्म्या वाटेवर तो पाय गार पडले म्हणून रडायला लागला आणि रस्ता एकतर्फी, मागे फिरायची सोयच नाही, मग नवऱ्याने त्याला कडेवर घेऊन जवळजवळ पळतच बाहेर आणलं, बघितलं काहीच नाही. तेव्हा स्लॉट कुठला घ्यावा, कपडे काय घालावेत आणि बाबागाडी न्यावी की नको ते सांगा प्लीज.

जुना_फिरस्ता
सगळ्यात पहिला स्लॉट घ्या, दुसरा विचारच नको. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, त्यामुळे मुलांच्या झोपेच्या आधी सगळं उरकतं. आणि दुसरं म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण अर्धा तास आभाळ गडद निळं असतं ना, त्यात कंदील सगळ्यात सुंदर दिसतात, आजूबाजूची झाडं पण दिसतात आणि माणसांचे चेहरे पण. पूर्ण काळोख झाला की दिवे तेवढे उरतात. फोटो पण तेव्हाच काढून घ्या. फ्लॅश बंद ठेवा, फ्लॅशने कंदिलाचा सगळा रंग धुऊन जातो, स्क्रीनवर कंदिलाच्याच उजळ भागावर बोट टेकवा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते, तिकीट फोनवरच असेल तर गेटवरच पंचाईत व्हायची.

थंडीवाली
सायली, तुझ्या मुलाचे पाय गार पडले ते साहजिकच आहे गं, अशा ठिकाणी आपण चालतो कमी आणि उभे जास्त राहतो, गार जमीन बुटाच्या तळव्यातून ऊब ओढून घेते. आम्ही आधी दोन-दोन मोजे घालायचो पण त्याने बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा, बोटं हलतील एवढा सैल बूट आणि आत जाड सोल. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात.

आणि छोटीकडे जास्त लक्ष दे. गाडी ढकलणाऱ्याला घाम येत असतो आणि गाडीतलं बाळ हालचाल न करता गारठत असतं, हे मी स्वतः चुकले आहे, माझी मुलगी शांत झोपलीये म्हणून मी खूश होते आणि हात लावला तर गाल बर्फ! दर १५-२० मिनिटांनी मानेमागे हात लावून बघ, हाताच्या बोटांवरून कळत नाही. गाडीवर जाड पांघरूण पूर्ण ओढून घेऊ नकोस, आत हवा खेळायला पाहिजे. गाडी मात्र ने, मोठ्या चाकांची असेल तर उत्तम, कारण वाटेवर खडी किंवा लाकडाचा भुसा टाकलेला असला की छोटी चाकं रुततात.

शांत_कोपरा
एक गोष्ट राहिली. माझ्या मुलाला मोठा आवाज आणि लुकलुकणारे दिवे सहन होत नाहीत, म्हणून मी आधी फोन करून विचारते की कुठे स्ट्रोब म्हणजे भराभर उघडझाप करणारा दिवा आहे का, धुराचं मशीन आहे का, दिव्यांचा बोगदा असला तर त्याला बाजूने वाट आहे का. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर हे विचारायलाच हवं, सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप अशा माणसाला धोक्याची ठरू शकते. बऱ्याच ठिकाणी कमी गर्दीची, कमी आवाजाची एखादी संध्याकाळ पण ठेवलेली असते. फोन करशीलच तर सासूबाईंसाठी बाकं कुठे कुठे आहेत, व्हीलचेअर मिळते का आणि मधूनच बाहेर पडायची वाट आहे का तेही एकदमच विचारून घे.

सायली_दोघांचीआई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. पहिला स्लॉट मिळाला! फोन पण केला, मधे दोन ठिकाणी बाहेर पडता येतं म्हणे. सासूबाई व्हीलचेअरला तयार नाहीत, घडीचं स्टूल चालेल म्हणाल्या.

तार_आणि_कापड
मी स्टेजचे सेट बनवतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. या मोठाल्या कंदिलांची कला मुख्यतः चीनच्या सिचुआन प्रांतातल्या झिगाँग शहरातली, पूर्वापार मिठाच्या विहिरींसाठी ओळखलं जाणारं गाव, आणि आज जगभरच्या कितीतरी ट्रेलसाठी कंदील आणि कारागीर तिथूनच जातात. आधी जमिनीवर पूर्ण मापाचं चित्र काढतात, त्यावरून लोखंडी तार वाकवून वेल्डिंग करतात, आत एलईडी बसवतात, मग प्रत्येक खणाच्या मापाचं रेशमी कापड कापून तारेवर चिकटवतात आणि शेवटी रंगाचा फवारा. तिथे चिनी मातीच्या बशा, कप, चमचे दोऱ्याने बांधून अख्खे ड्रॅगन पण करतात. तेव्हा नुसतं लांबून बघून पुढे जाऊ नका, हात न लावता जवळ जाऊन कडा बघा, सासूबाई बसतील तिथेच मुलाला उभं करून दाखवा.

सायली_दोघांचीआई
जाऊन आलो! सगळं पाहिलं, शेवटपर्यंत. एका माशाच्या कंदिलाजवळ सासूबाई स्टूल टाकून बसल्या त्या १० मिनिटं उठल्याच नाहीत, त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलंय, मुलाला जवळ ओढून दाखवत होत्या की बघ, प्रत्येक खवल्याचं कापड वेगळं कापलंय, कडेला नारंगी आणि आत पिवळं होत गेलंय आणि कुठे एक चुणी नाही. मग तो पुढच्या प्रत्येक कंदिलाशी थांबून चुणी शोधत होता, एका हत्तीच्या कानामागे सापडली तर आज्जी आज्जी म्हणून ओरडला. पायाचं नाव काढलं नाही. मानेमागे हात लावून बघायची युक्ती फार कामाला आली, एकदा गार लागली म्हणून छोटीला काढून नवऱ्याच्या जॅकेटच्या आत घेतलं, तिथून ती डोकं बाहेर काढून दिवे बघत होती. सासूबाईंचे गुडघे आज दुखतायत थोडे, पण सकाळपासून त्या जाऊबाईंना फोनवर तो मासाच सांगतायत.