सीनाकाठी टेम्पो न्यायचाय, काय भरावं?

वारजेकर
आमच्या सोसायटीतून रविवारी माढा तालुक्यात टेम्पो जाणार आहे. सीनेच्या पुराचं ऐकून ग्रुपवर आवाहन केलं, तर दोन दिवसांत कपड्यांचीच ३२ पोती जमली. शिवाय रोख ४० हजार आहेत. त्यातून बिस्किटं घ्यावीत की डाळ-तांदूळ?

कुरुंदवाडचा
दादा, कपडे तिथंच ठेवा. २०१९ च्या महापुरात शाळेच्या व्हरांड्यात असले गठ्ठे मी सोडलेत. एकातनं जरीची शेरवानी निघाली. आमच्या आईला धड परकर पाहिजे होता, तो एकाही पोत्यात गावला नाही. नवे परकर, आतले कपडे, पॅड घ्या.

आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती. त्याच्या वर कशाला येतंय म्हणून जोंधळा माळ्यावर टाकून बाहेर पडलो. परत आलो तर पोत्यातनं कोंब बाहेर आलेले, आणि वास असा की दारातच उलटी झाली. तेव्हा खराटे, फावडी, घमेली, ब्लिचिंग पावडर न्या. आणि वैरण! दावणीला म्हैस हंबरत असताना माणसाच्या घशाखाली बिस्किट उतरत नाही.

चिपळूणकर
खराट्याला अनुमोदन. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. तो चिखल ओला असेतो निघतो, वाळला की पहारच लागते. सामानापेक्षा चार धडधाकट पोरं न्या, जमल्यास एक वायरमनही. मात्र काही फेकण्याआधी फोटो काढून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी घाईघाईत गाद्या, फ्रीज सगळं कचऱ्यात दिलं, मग पंचनाम्याला दाखवणार काय?

माढ्याचा
हायवेलगतच्या गावातच सगळे टेम्पो रिकामे होतात. आत वस्त्यांवर या, पण आधी फोन करून. आमच्या वस्तीवर पाण्याचे बॉक्स पडून आहेत आणि जनावरांना पेंड नाही. शेतातली मातीच खरवडून गेलीय, त्याला तुम्ही तरी काय करणार म्हणा. पोरांच्या वह्या-दप्तरं भिजलीत, तेवढं बघा.

वारजेकर
वस्तीवर बोललो. पेंड, कडबा, वह्या आणि खराटे ठरलंय, सोबत आम्ही पाच जण. कपडे परत न्या म्हणून ग्रुपवर टाकलं, ३२ पैकी दोन पोती गेली. कडब्याचं ऐकून टेम्पोवाला म्हणतो, गाडी झाडून द्यायची तुम्ही.