गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्यूब बदलताना: जुन्या साठ्यातल्या घ्याव्यात की नव्या बनावटीच्या?

कृष्णाकाठ (सांगली)

माझ्याकडे ४० वॉटचा, ट्यूबवर (गिटारचा संकेत मोठा करणाऱ्या निर्वात काचनळ्या; यांनाच व्हॉल्व्हही म्हणतात) चालणारा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यात पुढच्या बाजूला चार ईसीसी ८३ (म्हणजेच १२ एएक्स ७) आणि शेवटच्या टप्प्यात दोन ईएल ३४ आहेत. गेली चार वर्षे विश्रामबागेतल्या घरी रोजचा सराव आणि गणेशोत्सवात मंडळांच्या कार्यक्रमांत वादन, असा त्याचा वापर झाला. आता दोन तक्रारी आहेत. गिटार न जोडताही पूर्वीपेक्षा मोठी घुमघुम ऐकू येते, आणि सर्वांत जाड तार जोरात छेडली की सुराच्या मागोमाग काच किणकिणल्यासारखा बारीक आवाज येतो. काल रात्री खोलीतला दिवा मालवून मागची जाळी काढून पाहिले, तेव्हा डावीकडच्या ईएल ३४ च्या प्लेटवर (काचेच्या आतल्या धातूच्या पत्र्यावर), शिवणीच्या जवळ, नखाएवढा मंद तांबूस डाग दिसला. उजवीकडची प्लेट मात्र काळीच होती.

सहाही ट्यूब एकदम बदलाव्यात, असे माझे मत झाले आहे. प्रश्न एवढाच आहे की स्लोव्हाकियात बनणाऱ्या जेजे कंपनीचा नवा संच घ्यावा, की एका विक्रेत्याने देऊ केलेल्या १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश मलार्ड कंपनीच्या ट्यूब घ्याव्यात. मलार्डची किंमत नव्या संचाच्या जवळपास चौपट आहे. आपली मते कारणांसह हवी आहेत.

जवारी (मिरज)

पैसे जमत असतील तर जुनेच व्हॉल्व्ह घ्यावेत, असे मी ठामपणे म्हणेन. ज्या काळात रेडिओ, दूरचित्रवाणी संच, टेलिफोन आणि लष्कराची सामग्री हे सारे व्हॉल्व्हवर चालत होते, त्या काळात मलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नसारख्या कारखान्यांत कॅथोडवरचा लेप, ग्रिडची (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीची) वळणे आणि काचेतली निर्वात पोकळी यांवर प्रचंड कसब खर्च होत असे. तसा ग्राहक आज उरलेला नाही, आणि म्हणून तसा कारखानाही उरलेला नाही. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) त्या काळात बनवलेले व्हॉल्व्हसुद्धा आज परदेशातले लोक शोधत फिरतात. लग्नसमारंभात कर्णे वाजवणाऱ्यांच्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला बीईएलचा ईसीसी ८३ माझ्याकडे आहे, आणि त्याच्या तोडीचा नवा व्हॉल्व्ह माझ्या कानाला अजून सापडलेला नाही.

एका जागेवरचा व्हॉल्व्ह बदलल्याने काय होते याचे उदाहरण इतिहासातच आहे. मार्शलने १९६२ साली पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला, तो फेंडर कंपनीच्या बासमन या अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्यावरून. बासमनमध्ये पहिल्या जागेवर १२ एवाय ७ होता, मार्शलने तिथे ईसीसी ८३ बसवला, आणि त्या यंत्राचा आवाज लवकर फुटू (खरखरीत होऊ) लागला. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारी मी वाढलो. तोच भोपळा, त्याच तारा, पण घोडीच्या माथ्यावरून कानस दोनदा जास्त फिरली की जवारी (तारेचा झणकार) बदलते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यामुळे "सगळे व्हॉल्व्ह सारखेच" हे मला कधीच पटणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

जवारी यांनी दिलेले उदाहरण खरे आहे, परंतु ते या प्रश्नाला लागू पडत नाही. १२ एवाय ७ चा वर्धनांक (व्हॉल्व्ह संकेत किती पट मोठा करू शकतो तो आकडा) ४४ च्या आसपास असतो आणि ईसीसी ८३ चा १००, म्हणजे मार्शलने व्हॉल्व्हची कंपनी बदलली नव्हती, व्हॉल्व्हचा प्रकारच बदलला होता. प्रकार बदलला की फरक पडणारच. ज्यांना फुटणारा आवाज कमी हवा आहे ते आजही पहिल्या जागेवर सुमारे ७० वर्धनांकाचा ५७५१ लावतात. इथे मात्र एकाच प्रकारच्या दोन व्हॉल्व्हसाठी चौपट पैसे मोजावेत का, असा प्रश्न विचारलेला आहे.

माझा आक्षेप मुळात कृष्णाकाठ यांच्या निष्कर्षाला आहे. आपल्याला प्लेटवर तांबूस डाग दिसला आणि आपण थेट खरेदीवर आलात. प्लेट लाल होते याचा अर्थ त्या व्हॉल्व्हमधून झेपण्यापेक्षा जास्त प्रवाह वाहतो आहे. तो का वाहतो, याचे उत्तर व्हॉल्व्हमध्येच असेल असे नाही. फेज इन्व्हर्टरकडून (शेवटच्या दोन व्हॉल्व्हना एकमेकांविरुद्ध संकेत पुरवणाऱ्या टप्प्याकडून) ईएल ३४ च्या ग्रिडकडे येणारा कंडेन्सर किंचित गळू लागला, तर ग्रिडवरचा ऋण दाब कमी होतो आणि त्या सॉकेटमध्ये जो व्हॉल्व्ह बसेल तो तापतो. अशा यंत्रात आपण साठ वर्षांपूर्वीची मलार्ड बसवली, तर जगात आता पुन्हा बनणार नाही अशी वस्तू आपल्या हाताने जाळल्यासारखे होईल.

म्हणून प्रथम दोन्ही ईएल ३४ ची जागा आपसांत बदलून पाहावी. लाली व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा, आणि डाव्या सॉकेटमध्येच राहिली तर दोष यंत्राचा. लाली दिसताच स्टँडबाय करावे (प्लेटचा वीजपुरवठा तोडणारे बटण), आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र मुळीच चालू करू नये, कारण तसे केल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पुढचे मोजमाप जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट राहतात आणि ते जिवावर बेतू शकते.

किणकिणण्याचा दोष बहुधा पुढच्या एखाद्या ईसीसी ८३ चा आहे. यंत्र चालू ठेवून, आवाज मध्यम ठेवून, प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी. थोडी टकटक सर्वांतूनच येईल, पण ज्यातून घंटेसारखा लांबणारा नाद येईल तो सैल झालेला आहे. एकासाठी चारही टाकून देण्याचे कारण नाही, कारण पुढचे व्हॉल्व्ह शेवटच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकतात.

तिसरी घंटा (सांगली)

मी मंचावर वाजवतो, त्यामुळे माझा विचार थोडा वेगळा आहे. नाटकाच्या गावात राहणाऱ्याला हे सांगायला नको की पडदा वर गेल्यावर दुरुस्ती करता येत नाही. शेवटची जोडी चार वर्षे वापरात असेल तर ती दोषी असो वा नसो, हंगामाच्या आधी बदलावी आणि जुनी जोडी जपून बरोबर ठेवावी. या मुद्द्यावर मी अजिंक्यतारा यांच्याशी सहमत नाही.

नव्या ट्यूबविषयी एक गोष्ट माहीत असावी. आज खोक्यावर दिसणारी टंगसोल, मलार्ड, सोवटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावे वेगवेगळी असली, तरी त्या ट्यूब रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. म्हणजे नव्या खोक्यावरचे 'मलार्ड' हे ब्लॅकबर्नचे मलार्ड नव्हे. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे त्यांचा पुरवठा काही काळ अडला आणि सगळीकडे किमती चढल्या, तेव्हापासून मी एक जास्तीची जोडी कायम घरात ठेवतो.

जवारी (मिरज)

आधी दोष शोधावा, हे मला मान्य आहे. त्यावर वाद नाही. पण दोष निघाल्यानंतर काय घ्यावे, हा प्रश्न तसाच उरतो. मीटरवर दोन व्हॉल्व्ह सारखे दिसले म्हणजे ते सारखे वाजतील, हे गृहीत धरायला मी तयार नाही. माझा बीईएलचा व्हॉल्व्ह बोटाच्या जोराला ज्या तऱ्हेने उत्तर देतो, तसे नवा व्हॉल्व्ह देत नाही. हळू छेडले की स्वच्छ, जोर दिला की कडेने खरखर चढत जाणारा, आणि मधला उतार कुठेही न तुटणारा असा तो आवाज आहे. मी वीस वर्षे वाजवतो आहे आणि माझ्या कानावर माझा विश्वास आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

आपल्या कानाबद्दल मला शंका नाही. पण एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन ईसीसी ८३ देखील एकमेकांपासून इतके वेगळे असू शकतात की ऐकणाऱ्याला फरक कळावा. त्यामुळे एक चांगला जुना व्हॉल्व्ह एका साधारण नव्या व्हॉल्व्हपेक्षा चांगला वाटला, तर त्यावरून सगळे जुने चांगले असे ठरत नाही. शिवाय जे जुने व्हॉल्व्ह आज आपल्या हाती आहेत ते टिकलेले आहेत. जे निकामी झाले ते कधीच भंगारात गेले.

बाजारातल्या मलार्डचीही खात्री करून घ्यावी. काचेवरचे नाव पुसून दुसरे छापणे अवघड नाही. खऱ्या मलार्डच्या काचेच्या तळाजवळ फिकट करड्या रंगाचे, कोरल्यासारखे दोन ओळींचे संकेत असतात. दुसऱ्या ओळीचे पहिले अक्षर कारखान्याचे असते, ब्लॅकबर्नसाठी 'बी', आणि पुढे वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर व आठवडा येतो. विक्रेता त्या संकेताचे स्पष्ट छायाचित्र देत नसेल तर व्यवहार करू नये. 'जुना पण न वापरलेला' असे म्हणून विकलेला माल प्रत्यक्षात वापरलेला असू शकतो.

आणखी एक मुद्दा आपल्या भागातल्या विजेचा आहे. माझ्या घरी रात्री उशिरा दाब २५० व्होल्टपर्यंत चढतो. २३० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तेव्हा फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ६.८५ व्होल्ट मिळतात आणि प्लेटचे ४५० व्होल्ट ४९० च्या घरात जातात. जोडी कोणतीही घ्या, बायस (ग्रिडवरचा ऋण दाब) ज्या वेळी आपण वाजवता त्या वेळच्या दाबावर लावून घ्यावा. ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट आहे. तिच्या ७० टक्के धरले तर १७.५ वॉट होतात, म्हणजे ४५० व्होल्टला सुमारे ३९ मिलिअँपिअर.

कृष्णाकाठ (सांगली)

पंधरा दिवसांनी लिहितो आहे, कारण प्रत्येक गोष्ट करून पाहायची होती.

जागा बदलल्यावर लाली डाव्या सॉकेटमध्येच राहिली. जी ट्यूब उजवीकडे चार वर्षे काळी राहिली होती, तीच डावीकडे येताच सहा-सात मिनिटांत तांबूस दिसू लागली. ते पाहताना मला खरोखर धक्का बसला, कारण मलार्डसाठी मी जवळजवळ पैसे पाठवले होते. यंत्र माधवनगर रस्त्यावर जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी दोन्ही ईएल ३४ काढून, यंत्र चालू ठेवून, पाचव्या पिनेवरचा, म्हणजे ग्रिडवरचा, दाब मोजला. उजवीकडे उणे ३८ व्होल्ट आले, डावीकडे उणे ३४. चार व्होल्टच्या फरकाने एवढे घडत होते. जुन्या कंडेन्सरचे सोल्डरिंग सोडवून त्यांनी नवा लावला, आणि मग दोन्हीकडे उणे ३८ आले. कंडेन्सरला चहापाण्याएवढे पैसे पडले.

त्यानंतर जुनी जोडी पुन्हा मोजली तर एक ट्यूब ३७ मिलिअँपिअरवर होती आणि जी आधी डावीकडे तापत होती ती २७ वर. जोडी विजोड झाली की पुरवठ्यातली घुमघुम एकमेकींत विरत नाही, हे काकांनी समजावले. म्हणून जेजेच्या ईएल ३४ ची जुळवलेली नवी जोडी घेतली आणि रात्री नऊ वाजता, मी वाजवतो त्या वेळी, बायस लावून घेतला. घुमघुम गेली. ३७ मिलिअँपिअरची जुनी ट्यूब अडचणीसाठी डब्यात ठेवली आहे.

पेन्सिलीची टिचकी मारल्यावर पहिल्या जागेवरची ईसीसी ८३ लांब किणकिणली. तीच ट्यूब शेवटच्या, फेज इन्व्हर्टरच्या जागेवर लावली, तर तिथे तिचा काहीच त्रास जाणवत नाही. तिथली ट्यूब पुढे आणली आणि किणकिण थांबली. २०१९ च्या पुरानंतरचा सगळा पावसाळा हे यंत्र ओलसर खोलीत राहिले होते, त्यामुळे सॉकेटच्या पिनाही काळवंडल्या होत्या; काकांनी त्या साफ करून सुईने आवळल्या. सहा ट्यूब घ्यायला निघालो होतो, प्रत्यक्षात दोन घेतल्या.

जवारी यांनी त्यांची बीईएलची ट्यूब चार दिवसांसाठी दिली, त्याबद्दल मनापासून आभार. ती पहिल्या जागेवर लावून ऐकली. फरक आहे, असे मला वाटते. मधले स्वर भरीव लागतात. पण मला ठाऊक होते की बीईएल लावली आहे, हेही खरे.

जवारी (मिरज)

फरक आहे, एवढे आपण म्हणालात, मला पुरेसे आहे. तरीही अजिंक्यतारा यांच्या समाधानासाठी रविवारी यंत्र मिरजेला घेऊन यावे. माझी ट्यूब आणि आपली ट्यूब कोणती कधी लावली, हे वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना न सांगता, पडद्याआड तिसरा माणूस बदलेल. दहा वेळा ऐकू आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहू.

अजिंक्यतारा (सातारा)

मी येईन. प्रत्येक बदलानंतर निदान पाच मिनिटे यंत्र तापू द्यावे, आणि दोन्ही व्हॉल्व्हचे वर्धन कमी-जास्त असेल तर आवाजाची पातळी आधी मीटरने सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा व्हॉल्व्ह नेहमी चांगला वाटतो. मीटर मी आणतो.