मदत हवी आहे: जास्वंदीचा क्लोजअप. दांडा धूसर, पाकळ्या म्हणजे नुसता लाल गोळा

नमस्कार मंडळी,

चिपळूणला आमच्या मागच्या दारी गावठी लाल जास्वंद आहे. चांगली छपराला टेकलेली. गेला महिनाभर तिच्या फुलाचा एक धड क्लोजअप काढायचा प्रयत्न चालू आहे, पण जमत नाहीये.

मला काय हवंय ते आधी सांगते. फुलातून तो लांब दांडा बाहेर येतो ना, त्याच्या टोकाला पाच इवले मखमली ठिपके असतात आणि त्यांच्या खाली पिवळ्या परागांचे पुंकेसर. ते ठिपके आणि पराग मोजता येतील इतके स्पष्ट हवेत, आणि मागे पाकळीच्या शिरा दिसायला हव्यात.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. दुकानदाराच्या आग्रहाखातर क्लोजअप फिल्टरचा (लेन्सपुढे लावायच्या भिंगांचा) संच घेतला: +१, +२, +४ आणि +१०, आकडा मोठा तसं भिंग जास्त ताकदीचं. मी अर्थातच थेट +१० चढवला.

अडचणी अशा:

ठिपके स्पष्ट आले की पराग जातात, पराग धरले की ठिपके जातात. पाकळीच्या शिरांचं तर नावच नको. कडेला जांभळट झालर येते ती वेगळीच.

कॅमेऱ्याची सावली फुलावर पडते. म्हणून वरचा फ्लॅश उघडला, तर फोटोच्या खालच्या बाजूला काळी चंद्रकोर!

आणि पाकळ्या. डोळ्यांना केवढ्या छटा दिसतात, फोटोत मात्र कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा सपाट लाल.

सकाळच्या कोवळ्या उन्हात काढा असं कृपया सांगू नका. सहाला सासूबाई परडी घेऊन निघतात. माझ्या वाटणीला उंच फांदीवरची, नऊनंतरच्या कडक उन्हातली आणि वाऱ्यावर डुलणारी फुलं येतात. ट्रायपॉड नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

१०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची खास लेन्स) घ्या, सगळे प्रश्न मिटतील.

प्रतिसाद

ताई, लेन्स नंतर बघू. आधी तो +१० काढून ठेवा. तो लावला की भिंग फुलापासून १० सेंमीच्या आत न्यावंच लागतं. मग उजेड अडणारच, आणि ती चंद्रकोर म्हणजे लेन्सचीच सावली. इतक्या जवळून एफ ८ ठेवलं (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं) तरी खोलीत जेमतेम दीड-दोन मिलीमीटर स्पष्ट येतं. दांडा असतो पाच-सात सेंमीचा, तो कसा मावणार? जांभळी झालरही स्वस्त फिल्टरची देणगी.

नुसती लेन्स ५५ वर (पूर्ण झूमवर) ठेवा आणि जितकं जवळ जाता येईल तितकं जा. साडेसहा सेंमी रुंदीचा भाग फ्रेमभर येतो, म्हणजे दांडा जवळजवळ अख्खा बसला. लेन्सवर लिहिलेलं ०.२५ मीटर हे फोकसचं कमीत कमी अंतर भिंगापासून नाही, आतल्या सेन्सरपासून मोजतात. त्यामुळे वाटतं त्याहून जवळ जाता येतं.

फूल समोरून काढू नका, हीच मुख्य गोष्ट. समोरून दांडा तुमच्या अंगावर येतो, पाकळ्या मागे राहतात. बाजूने बसा, दांडा कॅमेऱ्याला समांतर आडवा येऊ दे. मग ठिपके आणि बरेचसे पुंकेसर एकाच अंतरावर येतात. शिरांसाठी मात्र वेगळा फोटो काढा, दोन्ही एकात मागणं म्हणजे हाव झाली.

लाल रंगाचं म्हणाल तर उजेड मोजताना कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी धरतो. हिरवा-निळा कमी असतो, तोवर लाल कधीच काठोकाठ भरून सांडलेला असतो. एक्स्पोजर -१ करा (म्हणजे फोटो थोडा काळोखा घ्या), रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग, न्यूट्रल ठेवा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आरजीबीचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा बघा, लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला नको.

आणि वाऱ्याशी भांडताय कशाला? जास्वंदीचं फूल तोडलं तरी पाण्याविना दिवसभर उमललेलं राहतं. घरात आणा. खिडकीचा उजेड बाजूने घ्या, ऊन असेल तर मध्ये जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा कशिद्याच्या रिंगेत ताणून धरा. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा. कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर, फोकस मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) १० पट मोठं करून ठिपक्यावर जुळवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

धागाकर्ती

मॅक्रो लेन्सवाल्या दादा, त्या पैशात आमचं छप्पर शाकारून होईल :)

दुसऱ्या दादा, जमलं! सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "हाताळलेलं फूल देवाला चालायचं नाही, पण खालच्या फांदीवरचं एक तू घे." स्वयंपाकघराची खिडकी, सासऱ्यांचं धोतर (त्यांना सांगितलेलं नाही), एफ ११. रिंग धाकट्या लेकाने धरली, तीही तीन मिनिटं न हलता. पाचही ठिपके मोजता येतात, त्यांच्यावरचे केससुद्धा दिसतात! आणि बाजूने बघितल्यावर प्रथमच कळलं की पुंकेसर दांड्याच्या वरच्या भागावरच येतात, खालचा भाग बोडका असतो. इतकी वर्षं हेच फूल रोज बघतेय.

फोटो मोठा करून बघताना देठापाशी कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. तो बहुधा पिठ्या ढेकूण. म्हणजे आता बागकामवाल्यांकडे दुसरा धागा काढणं आलं.